डावखुऱ्यांची कात्री

नोकरी सोडून ऑनलाइन विक्री सुरू केलेली माझी धाकटी मुलगी संगणकापुढे बसून लोक महिन्याभरात कोणकोणत्या वस्तू शोधतात आणि त्या विकणारे किती आहेत, हे ताडून पाहत होती. मोबाइलच्या कव्हरांमध्ये एकदा हात पोळले होते, त्यामुळे जे सगळेच विकतात ते तिला या वेळी नको होतं.

"बाबा, हे बघा. डावखुऱ्या मुलांसाठी कात्री! शोधणारे नऊ हजार आणि विकणारे अवघे चार. पण माल मागवायची छातीच होत नाही. आकडा फुगवलेला निघाला तर पुन्हा तोंडावर आपटायचे मी."

"मग आधी खात्री करून घे."

"म्हणून तर तुम्हाला हाक मारली, गुरुजी! छत्तीस वर्षं पहिलीच्या पोरांना कागदकाम शिकवलंत. तुमच्या वर्गात डावखुरी मुलं किती असायची?"

"एकही नाही," मी ताडकन म्हणालो.

तिचा चेहरा पडला. "छत्तीस वर्षांत एक नाही? मग कसले नऊ हजार नि कसलं काय!" असं पुटपुटत ती यादीतली ती ओळ खोडायला निघाली.



मी तिचा हात धरला. "थांब, पोरी. ज्यानं कात्री डाव्या हातात धरली, त्याच्या हातातून काढून ती मी उजव्या हातात द्यायचो. रोज, अगदी मायेनं, त्याची सवय मोडेपर्यंत."