माठाचा गारवा

बबितानं पिशवी सासूच्या हातात दिली. "आत्याबाई, सांभाळा. परभणीच्या रक्तपेढीत प्लेटलेटची एवढी एकच मिळाली," म्हणाली आणि सिस्टरला बोलवायला पळाली.

दगडाबाईंनी पिशवी उलटसुलट करून पाहिली. म्हणायला रक्तातलंच, पण ताकाच्या निवळीसारखं पिवळं. खाटेवर हरिओम डेंगीनं ग्लानीत पडलेला, हिरड्यांतून रक्त येत होतं. जिंतूरच्या त्या लहानशा दवाखान्यात लाइट गेलेली, पंखा बंद, वर ऑक्टोबरचा उकाडा. असल्या दिवसात दूध कसं नासतं ते त्यांना कुणी शिकवायला नको होतं. त्यांनी टॉवेल भिजवला, पिशवी त्यात गुंडाळली आणि कोपऱ्यातल्या माठाला टेकवून ठेवली. लेकासाठी आपल्या हातून काहीतरी झालं, म्हणून जरा बरं वाटलं.

बबिताबरोबर सिस्टर आल्या. "बर्फात घालून नाही ना आणली? गार झाली की यातल्या पेशी मरतात. मग चढवून उपयोग न्हाई."

"न्हाई जी. तिथल्या मानसानं बजावलं हुतं. मांडीवर हलवत हलवतच आणली."

दगडाबाईंच्या काळजात धस्स झालं. गप्प बसावं तर लेकाच्या अंगात मेलेलं औषध जाणार, बोलावं तर होती ती एक पिशवीही फेकून देणार.

"आत्याबाई, पिशवी कुठं हाय?"

"माठापाशी," त्या कशाबशा म्हणाल्या. "वल्या फडक्यात. म्याच ठिवली. म्याच घात केला गं लेकाचा."

बबितानं धावत जाऊन ती उचलली आणि सिस्टरच्या हातात दिली.

सिस्टरनं टॉवेल सोडला. पिशवी खिडकीच्या उजेडात धरून हलकेच हलवली. मग त्या पिवळ्या पाण्यात उदबत्तीच्या धुरासारखी चमकती वळणं फिरू लागली.

"जित्या हायत अजून," सिस्टर म्हणाल्या. "मेल्या असत्या तर ही वळणं दिसली नसती. माठ काही बर्फाएवढा गार नसतो, म्हणून वाचल्या."

डॉक्टरांनीही येऊन पाहिलं आणि पिशवी चढवली. दगडाबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या.

बऱ्याच वेळानं हरिओमनं डोळे उघडले. "माय, पानी."

माठ हाताशीच होता. दगडाबाईंनी दोन्ही हात पदराखाली घेतले.

"बबिता," त्या म्हणाल्या, "तू दे गं बाई."