छातीतलं वारं

"ओल्या केसांनी हिंडतोस, ओग्नेन. बाधलं वारं," म्हणत आईनं माझ्या छातीला रकीया, आमची फळांची कडक दारू, चोळली आणि उरलेला घोट स्वतः घेतला.

श्वास मात्र आत जाईना. खोली निळ्या पाण्यासारखी हलू लागली आणि मी तिच्यात तरंगत राहिलो.

कुठूनतरी अँब्युलन्सच्या डॉक्टरबाईंचा आवाज आला, "उजवं फुप्फुस मिटलंय. छातीत हवा कोंडलीये." त्यांनी फासळ्यांमधून सुई खुपसली. हवा शीळ घालत सुटली.

आईनं झटकन सुईच्या तोंडावर अंगठा दाबला. "अगं, पोराच्या आत वारं शिरतंय."

पाणी पुन्हा माझ्या डोक्यावर मिटलं.

"शिरत नाहीये, मावशी, निघून चाललंय. अंगठा काढा, नाहीतर जाईल तो."

आईनं अंगठा उचलला. मग वारं बाधेल म्हणून जुलैच्या भर उकाड्यातही खिडकी उघडू न देणारी माझी आई उठली आणि तिनं घरातली प्रत्येक खिडकी सताड उघडली.