ज्याच्या त्याच्या घरचा भाग

वैजयंतीच्या दारात दोघी मेथी निवडत बसल्या होत्या. सहज विचारावं तसं तिने शेजारच्या शर्मिलाताईंना विचारलं, “तुमच्या मालिकेतला नवरा बरा आहे ना हो?”

मालिका एकच, पण क्लाउडमधली यंत्रं हल्ली घरोघरी तिचा वेगळा भाग बनवून पाठवायची. मनगटावरच्या घड्याळांतून घरच्यांची नाडी, झोप, धाप सगळं त्यांना कळायचं. शर्मिलाताईंच्या भागात सून गरोदर राहिली, तेव्हा त्यांच्या खऱ्या सुनेला स्वतःलाही त्याचा पत्ता नव्हता.

“आमचा चांगला ठणठणीत आहे. तुझा?”

“चार दिवस छाती चोळतोय नुसता.”

“मालिका म्हटली की रडारड असायचीच गं. आमच्यात नाही का, काल ती शेजारणीकडे पिठलंभात घेऊन...” शर्मिलाताईंनी जीभ चावली.

शेजारणीने पिठलंभात कुठल्या घरी न्यायचा असतो, हे वैजयंतीला कुणी सांगायला नको होतं. ती ताट लोटून उठली.

“अहो, शर्ट चढवा! दवाखान्यात जायचंय, आत्ताच्या आत्ता!”

“मला काय धाड भरलीय?” आतून आवाज आला.

शर्मिलाताईंनी दारातल्या भाऊजींच्या चपला सरळ करून ठेवल्या.