पुढं कोण होतं?

"आत गेल्यावर आधी तू बोल," शिवलिंग सर दारात चप्पल काढता काढता सादला म्हणाले. "माफी मागून मोकळा हो. मी मागनं सांभाळून घेतो."

सादनंही चप्पल काढली. जळकोटच्या या गल्लीत तो रोज सकाळी यायचा, पण सरांच्या गाडीतून. हॉर्न वाजला की प्रीती डबा सावरत पळत यायची. आज दोघं चालत आले होते. गाडी पोलीस ठाण्याच्या आवारात चेपलेली पडून होती आणि प्रीतीला जाऊन अठरा दिवस झाले होते.

धाराशिवच्या ऑफिसला जायला तिघांत ती एकच गाडी. गाडी सरांची, चालवायचे सर, पेट्रोल तिघांचं. तरीही दोन वर्षं साद आणि प्रीती त्या गाडीत उपकाराखाली दबून बसत, कारण सर हेडक्लार्क होते आणि एसटीच्या वेळा ऑफिसच्या वेळेशी कधी जुळल्या नव्हत्या. सरांचा नियम एकच होता. पुढं बसेल त्यानं झोपायचं नाही, चालवणाऱ्याला बोलतं ठेवायचं. एक दिवस पाळी सादची, एक दिवस प्रीतीची. मागं बसेल त्यानं खुशाल घोरावं.

त्या दिवशी पाळी सादची होती आणि रमजानचा तिसरा रोजा होता. पहाटे चारला सहरीसाठी उठलेल्या माणसाचे डोळे साडेआठला कसे होतात, ते प्रीतीनं बघितलं. "मी बसते पुढं. तू जा मागं, झोप जरा," ती म्हणाली. सादला ओशाळल्यासारखं झालं. रोजा धरला म्हणून पाळी चुकवली, असं कुणी म्हणायला नको. तो पुढंच बसला. नळदुर्ग मागं पडेपर्यंत त्यानं सरांना कुणाकुणाच्या बदलीच्या गोष्टी सांगितल्या. नंतरचं त्याला काही आठवत नाही. जाग आली तेव्हा गाडी पुलाच्या कठड्याला धडकून आडवी झाली होती आणि मागचं दार निखळलं होतं.

दवाखान्याच्या व्हरांड्यात लोकांचा पहिला प्रश्न होता, "पुढं कोण होतं?" सरांनी कपाळाला पट्टी बांधून घेता घेता सांगून टाकलं, "साद. तो झोपला, म्हणून माझाही डोळा लागला." झालं. तेवढं एक वाक्य गावाला पुरलं. ऑफिसात लोक सरांचा हात हातात घेऊन "देवानं वाचवलं तुम्हाला" म्हणत आणि साद दिसला की फायलीत डोकं घालत. रोजा धरून पुढं बसायचंच कशाला, हेही कँटीनमध्ये कुणीतरी त्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बोललं. घरी त्याचे वडील आयुबभाई यांनी तेच विचारलं, "पुढं तू हुतास का?" तो "व्हय" म्हणाला. तेव्हापासून बाप लेकासमोर बसून रोजा सोडत होता, पण बोलत नव्हता.

आणि सादला त्यात कुणाचं काही चुकतंय असं वाटतही नव्हतं. आपण जागे राहिलो असतो तर प्रीती जगली असती. आपण तिचं ऐकलं असतं तरी ती जगली असती. दोन्हीकडून तो स्वतःच अडकत होता. तिच्या वडिलांनी चार थोबाडीत द्याव्यात, गल्लीत उभं करून शिव्या घालाव्यात, पण एकदा काय ते बोलावं, एवढंच मागायला तो आला होता. त्याशिवाय त्याला जगणं अवघड झालं होतं.

प्रीतीचे वडील, कोंडिबा, बाहेरच्या खोलीतच होते. बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरींखाली प्रीतीचा फोटो होता, ऑफिसच्या ओळखपत्रावरचाच मोठा करून घेतलेला. कोंडिबांनी घरातली एकुलती खुर्ची सरांना दिली. साद खाली बसला. प्रीतीची आई, सरुबाई, सरांसाठी चहा घेऊन आली आणि सादकडं बघून म्हणाली, "तुजा रोजा आसंल. तुला न्हाय देत." तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून सादला ते जास्तच लागलं.

"काका," तो म्हणाला, "पुढं मी होतो. प्रीती म्हणली होती, मी बसते म्हणून. मी ऐकलं नाही. मी झोपलो. माझ्यामुळं गेली ती."

तो मान खाली घालून रडत राहिला.

सरांनी कप खाली ठेवला. "लेकरू आहे हो," ते समजुतीच्या सुरात म्हणाले. "चूक झाली त्याच्याकडनं. आता तुम्हीच मन मोठं करून..."

कोंडिबांनी हातानंच त्यांना थांबवलं. त्यांनी सादच्या हलणाऱ्या पाठीकडं बघितलं. मग खुर्चीकडं वळले.

"गाडी कोण चालवत हुतं, सायेब?"

सर गडबडले. पोलिसांनी कागदावर लिहून घेतलं तेवढंच, बाकी गावात हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. "मीच की. पण पुढं बसलेला माणूसच झोपला, तर चालवणाऱ्यानं..."

"म्या तीस वर्सं यष्टी चालवली," कोंडिबा म्हणाले. "पन्नास माणसं माझ्या पाठीमागं बिनघोर झोपायची. माझ्या शेजारी सीटच नसायची, सायेब."