मिठाचा नेम

“आई, हे कोनाले सांगू नोको,” जाताना भुवनेश्वर बोलला होता. गोमतीनं कोणाला सांगितलं नाही. तरी केशोरी गावाला कळलंच.

सेवकरामनं पारावर मोबाईल फिरवला. त्यात कोकणच्या समुद्रातलं एक जहाज खाऱ्या पाण्याचा बारीक फवारा वर सोडत होतं. त्यानं ढग जास्त पांढरे होतात, ऊन परतवतात, खालचा समुद्र थंड राहतो, असं कोणीतरी समजावून सांगत होतं. फवाऱ्याच्या नळाशी गोमतीचा भुवनेश्वर उभा होता.

इकडे पावसावाचून धानाची रोवणी खोळंबलेली. रोवणीसाठी परह्यात वाढवलेली रोपं पिवळी पडत चाललेली.

“काकी, तुमचा पोरगा काळे ढग पांढरे करून राहिला,” सेवकराम म्हणाला. “आमचं पानी कायले अडवते तो?”

गोमतीनं पदर सावरला. उत्तर दिलं ते शेजारच्या धुरपतानं.

“तिले काऊन बोलता? तिले का मालूम? पान्यासाठी मीठ सोडलं तिनं. तुमच्यानं तर बिडी नाही सुटली.”

पारावर हशा झाला आणि बोलणं तिथंच मिटलं.

गोमतीचा नेम खरा होता. अक्षय तृतीयेपासून तिच्या जिभेला मीठ लागलं नव्हतं. सकाळी न्हाऊन गावदेवी मातामायला पाणी घालायचं, मग अळणी वरणभात. धुरपताकडे वरण झालं की मीठ घालायच्या आधी गोमतीची वाटी निघायची. यंदा गुडघे धरलेत, रोवणी होणार नाही, असं सांगून गोमतीनं धानाच्या बांधीत तूर टाकली. पाणी साचणाऱ्या बांधीत तूर, म्हणून लोक हसले होते. पेरणीला मदत करायला धुरपताच आली होती.

पोळ्याच्या तोंडावर धुरपतानं वाळलेल्या परह्यात गुरं सोडली. परतताना गोमती नारळ घेऊन मातामायकडे निघालेली दिसली. धुरपता तशीच घरात गेली, मडक्यातले मूठभर तांदूळ आणून तिच्या ओटीत घातले.

“माझ्याबी नावानं माग, माय.”

गोमतीनं मान हलवली आणि चालू लागली. मागायचं काही नव्हतंच. नवस फेडायचा होता. काल भुवनेश्वरचा फोन आला होता.

“आई, आमचा फवारा साधला. सांगितलं होतं ना, समुद्र थंड झाला का तिकडे पाऊस पोचत नाही, धान लावू नोको म्हणून? माझी नोकरी पक्की झाली. आता मीठ खाय.”

पदराच्या गाठीत तिनं घरूनच चिमूटभर बांधून घेतलं होतं.