चौथी सही

न्यायमूर्ती वेंडेल प्रुइटने पुन्हा 'सहमत' लिहून सही केली होती. थोरा एंगेब्रेट्सन त्या सहीकडे बघत राहिली. जानेवारीपासूनची ही नववी.

राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात ते सात जण. त्यातल्या या दोघांचं अकरा वर्षं विळ्या-भोपळ्याचं सख्य. तिने पूर्व म्हटलं की तो पश्चिम म्हणणार. आणि आता चार विरुद्ध तीन असे एकामागून एक निकाल तिच्या बाजूने लागत होते. चौथी सही दर वेळी त्याची. त्यातल्या एका निकालाने एक बाई जन्मभरासाठी तुरुंगात गेली.

"नोव्हेंबरात त्याला याच खुर्चीसाठी पुन्हा मतदारांपुढे जायचंय," शेजारच्या दालनातला न्यायमूर्ती ड्वेन म्हणाला होता. "कोल्हा खुराड्याला कडी लावायला लागला, की कोंबड्या मोजून घ्याव्यात, बाई."

थोरालाही पाणी मुरताना दिसत होतं. वेंडेल हल्ली जेवायला खाली येत नसे. सुनावणीत वकिलांना एकही प्रश्न विचारत नसे. दार सदा बंद.

म्हणून पुढच्या, दहाव्या निकालाच्या मसुद्यात तिने मुद्दाम एक परिच्छेद घातला. वॉरंटशिवाय पोलिसांनी शेतकऱ्याच्या कोठारात शिरू नये, हा वेंडेलचा जुना निकाल. त्याच्या आयुष्यभराचा अभिमान. तो साफ चुकीचा होता, असं तिने लिहिलं.

त्याखालीही सही आली. ती कागद घेऊन थेट त्याच्या दालनात गेली.

"हे वाचलंस?"

"वाचलं. नेहमीसारखं चोख."

"यात तुझा कोठाराचा निकाल मी मोडीत काढलाय. कुणाशी सौदा केलायस, वेंडेल?"

त्याने चष्मा लावला. बोट पहिल्या ओळीवरून सरकलं, दुसऱ्या ओळीवर थांबलं, परत पहिल्या ओळीवर आलं. असं तीनदा झालं. थोराचा राग कुठल्या कुठे गेला.

"ओळ संपेपर्यंत तिची सुरुवात निसटते," तो म्हणाला. "डॉक्टरांनी नाताळातच सांगितलं होतं. वाटलं, निभेल."

"आणि सह्या?"

"अकरा वर्षं तुझ्या चुका शोधल्या. फार थोड्या सापडल्या. कुणाच्या तरी मागे जायचंच, तर तुझ्या."

ती खुर्चीत बसली. ते नऊही निकाल तिने एकटीने, स्वतःच्या आणि त्याच्या अशा दोन मतांनी दिले होते.

"ती बाई तुरुंगात आहे, वेंडेल. तू राजीनामा दे. आजच."

"देतो," तो म्हणाला. "तू लिहून आण. मी सही करतो."