दुसऱ्याच्या पायांनी

कमरेखाली लुळ्या पडलेल्या इंदुताई सोलापुरात खाटेवर होत्या. आफ्रिकेतल्या नामिब वाळवंटाच्या कडेला वसलेल्या शहरात इलायस नावाचा वाटाड्या त्यांच्यासाठी समुद्राकडे चालत होता. त्याला दिसेल आणि जाणवेल ते दोघांच्या कपाळांवरच्या पट्ट्यांतून त्यांच्यापर्यंत पोचायचे होते.

"वारा लागतोय का, आई?" सुनेने विचारले.

"कसला वारा? नुसता सिनेमा."

"स्वस्तातली पट्टी आहे. जोराचं काही असेल तरच कळतं म्हणे."

पाणी शंभर पावलांवर आले तेव्हा इंदुताई म्हणाल्या, "अरे, बूट काढ. समुद्र देव आहे." पट्टीने ते इलायसला त्याच्या भाषेत सांगितले. त्याने निमूट बूट काढून तापलेल्या वाळूवर पाय ठेवले.

इंदुताई किंचाळल्या. "अगं, पाय! माझे पाय भाजतायत!" सहा वर्षांनी त्यांना दहाही बोटे कळत होती. त्यांनी त्याला तिथेच उभे केले.

बऱ्याच वेळाने त्यांनी विचारले, "तुलाही भाजतंय का रे?"

"तुम्हाला भाजतंय तेवढंच, आजी."



"घाल बाबा बूट."

त्याने आधी उजवा बूट घातला, मग डावा. इंदुताईंचे पाय त्याच क्रमाने गेले.